‘डुलाली’ खरी, छपरावरची मांजरं खोटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शाळेत परिपाठाच्या वेळी रोज एक इंग्रजी वाक्प्रचार फळ्यावर लिहायचा आणि त्याच्या जन्माची गोष्ट मुलांना सांगायची, हे काम तुमच्या गळ्यात पडलं आहे. त्यासाठी कुणीतरी तुम्हाला एक लांबलचक फॉरवर्ड पाठवला आहे. त्यातल्या गोष्टी खऱ्या मानायच्या का, आणि या वाक्प्रचारांना मराठीत काय म्हणायचं?

आधी उत्तर देतो, पाल्हाळ नंतर लावतो. त्या फॉरवर्डमधल्या बहुतेक गोष्टी बनावट आहेत. मी तीसेक वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करतोय आणि या मजकुराची माझी जुनी ओळख आहे. सोळाव्या शतकात लोक कसे जगत, असं सांगणारी ही ईमेल १९९९ मध्ये फिरायला लागली. तेव्हापासून ती मरत नाही, फक्त अंगरखा बदलते.

त्यातली सगळ्यांची लाडकी गोष्ट ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ची. जुन्या इंग्लंडात घरांना गवताची छपरं असत, ऊब मिळावी म्हणून कुत्री-मांजरं त्यात शिरून बसत, आणि जोराचा पाऊस आला की गवत निसरडं होऊन ती धपाधप खाली पडत. कोकणात किंवा मावळात तुम्ही शाकारलेलं छप्पर जवळून पाहिलं असेल, तर जरा आठवून बघा. नीट शाकारलेल्या छपरात उंदीर शिरेल, पाल शिरेल. कुत्रं कुठून शिरणार? बरं, भर पावसात ते छपराच्या वरच्या अंगाला जाऊन कशाला बसेल? गोष्ट इथेच गळायला लागते.

आता लेखी पुरावा बघू. १६५१ साली हेन्री व्हॉन या कवीकडे हा प्रयोग सापडतो, पण तिथे क्रम उलटा आहे, आधी कुत्री आणि मग मांजरं. त्याच सुमारास छापलेल्या रिचर्ड ब्रोमच्या नाटकात कुत्र्यांबरोबर चक्क पोलकॅट, म्हणजे मुंगसासारखं दिसणारं एक रानटी जनावर पडतंय. आजच्या रूपात तो ठळकपणे दिसतो १७३८ मध्ये, लेखक जोनाथन स्विफ्टने शिष्ट मंडळींच्या गुळगुळीत गप्पांची टवाळी केली त्यात. म्हणजे सुरुवातीला कुठली जनावरं पडतात आणि कुठल्या क्रमाने, हेसुद्धा ठरलेलं नव्हतं. लोक आपले अतिशयोक्तीची मजा घेत होते. आपण ‘मुसळधार’ म्हणतो तेव्हा आकाशातून मुसळं पडल्याचा दिवस कोण शोधत बसतो?

माझी पहिली कसोटी हीच, तारीख. गोष्ट सोळाव्या शतकातली आणि शब्दप्रयोग पहिल्यांदा छापलेला दिसतो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, तर मधली तीनशे वर्षं लोक तो मनातल्या मनात म्हणत होते का? ‘सेव्ह्ड बाय द बेल’, म्हणजे ऐन वेळी सुटका होणे, याची भुताटकी अशीच आहे. चुकून जिवंत माणूस पुरला गेला तर त्याने दोरी ओढून घंटा वाजवावी, अशी सोय म्हणे थडग्यांना असे. तसल्या शवपेट्यांचे आराखडे खरोखर झाले होते, पण ते एकोणिसाव्या शतकात, आणि त्यांचा या वाक्प्रचाराशी बादरायण संबंधसुद्धा नाही. तो मुष्टियुद्धाच्या आखाड्यातला आहे. मार खाऊन कोलमडलेला गडी फेरी संपल्याची घंटा वाजल्यामुळे वाचतो, एवढीच त्याची कहाणी. ‘डेड रिंगर’, म्हणजे हुबेहूब दुसऱ्यासारखा दिसणारा, हाही थडग्यातून आलेला नाही. अमेरिकेत घोड्यांच्या शर्यतीत लबाडीने बदलून आणलेल्या, हुबेहूब तसाच दिसणाऱ्या घोड्याला ‘रिंगर’ म्हणत. ‘डेड’ म्हणजे इथे तंतोतंत.

दुसरी कसोटी आद्याक्षरांची. एखादा जुना इंग्रजी शब्द चार शब्दांच्या आद्याक्षरांपासून बनला, असं कुणी सांगितलं की मी खुर्चीत मागे रेलतो. ‘न्यूज’ म्हणजे उत्तर, पूर्व, पश्चिम, दक्षिण. ‘गोल्फ’ म्हणजे फक्त पुरुषांसाठी, बायकांना बंदी. ‘टिप’ म्हणजे तत्परतेची हमी. सगळं खोटं. आद्याक्षरं जुळवून शब्द पाडण्याची हौस प्रामुख्याने विसाव्या शतकातली आहे.

याच जातीतली एक गोष्ट मुंबईच्या बंदराला चिकटलेली आहे. ‘पॉश’. विलायतेहून मुंबईला येताना जहाजाच्या डाव्या बाजूला सावली, परत जाताना उजव्या बाजूला सावली, म्हणून श्रीमंत गोरे इकडे येताना ‘पोर्ट’ म्हणजे डाव्या आणि घरी परतताना ‘स्टारबोर्ड’ म्हणजे उजव्या बाजूची खोली घेत. त्यांच्या तिकिटावर ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ची आद्याक्षरं मारलेली असत, असं सांगतात. सूर्याचं गणित अगदी बरोबर आहे. जहाजंही खरी. फक्त तसा शिक्का मारलेलं एकही तिकीट आजवर कुणाला मिळालेलं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘पॉश’ हा बोलीतला शब्द नट्टापट्टा करणाऱ्या छैलछबिल्या माणसासाठी वापरलेला दिसतो, आणि चोरट्या बोलीत किरकोळ नाण्याला, अर्ध्या पेनीला, ‘पॉश’ म्हणत. हा दुसरा अर्थ रोमानी भाषेतून आला. तिथे त्याचा अर्थ ‘अर्धा’. आजचा ‘पॉश’ नक्की यातूनच निघाला असं छातीठोकपणे सांगता येत नाही, पण तिकिटापेक्षा हा धागा बरा. रोमानी ही जिप्सी लोकांची भाषा, आणि ती आपल्याच भाषाकुळातली आहे. इंग्रजीतला ‘पॅल’, म्हणजे दोस्त, हा तर नि:संशय तिचाच. रोमानीतला ‘फ्राल’ म्हणजे भाऊ, मूळ संस्कृत ‘भ्रातृ’. लंडनमधला माणूस दोस्ताला ‘पॅल’ म्हणतो आणि कोल्हापूरचा ‘भावा’ म्हणतो, तेव्हा दोघे एकच शब्द उच्चारत असतात.

आद्याक्षरांच्या नियमाला एक सणसणीत अपवाद आहे, आणि तो तुम्ही मुलांना जरूर सांगा. ‘ओके’. बोस्टनच्या वर्तमानपत्रांत १८३०च्या दशकात मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं छापायचं खूळ आलं होतं. ‘ऑल करेक्ट’चं मुद्दाम बिघडवलेलं रूप ‘ओल करेक्ट’, त्याचं ओके. ते २३ मार्च १८३९ रोजी ‘बोस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये छापून आलं. बाकीची खुळं वाहून गेली. हे टिकलं, कारण पुढच्याच वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्युरेन यांच्या समर्थकांनी ते उचललं. ते किंडरहुक गावचे, म्हणून ‘ओल्ड किंडरहुक’, पुन्हा ओके. ऍलन वॉकर रीड नावाच्या अभ्यासकाने जुनी वर्तमानपत्रं चाळून चाळून १९६०च्या दशकात हे सगळं कागदोपत्री दाखवून दिलं. खऱ्या व्युत्पत्तीमागे अशी धूळ खावी लागते.

विद्वानही फसतात बरं का. ‘आय डोन्ट गिव्ह अ डॅम’ (मला काडीचीही पर्वा नाही) यातला ‘डॅम’ म्हणजे आपला मोगली ‘दाम’, असं यूल आणि बर्नेल यांनी १८८६च्या आपल्या अँग्लो-इंडियन शब्दकोशात सुचवलं होतं. अकबराच्या काळात चाळीस दामांचा एक रुपया होई, म्हणजे दाम ही फुटकी कवडीच. म्हणून ‘मी एक दामही देणार नाही’. किती झकास बसतं! ऑक्सफर्डच्या कोशकारांनी ते नाकारलं. तो साधा शिव्याशापातला ‘डॅम’ आहे.

‘बॉम्बे डक’ या बोंबलाच्या इंग्रजी नावाबद्दलही हेच. सुक्या बोंबलाच्या वासाने भरलेली मुंबईची डाकगाडी, तिच्यावरून ‘बॉम्बे डाक’, मग ‘डक’. बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली १६ एप्रिल १८५३ रोजी. ‘बॉम्बे डक’ हे नाव त्याआधीच छापलेलं सापडतं. विषय मिटला.

आता तुम्ही म्हणाल, सगळंच खोटं ठरवलंत, मग मुलांना सांगायचं काय? खऱ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतली माझी सर्वात आवडती नाशिक जिल्ह्यात घडली.

ब्रिटिश माणूस एखाद्याचं डोकं फिरलंय असं सांगताना म्हणतो, ‘ही हॅज गॉन डुलाली’. हे ‘डुलाली’ म्हणजे आपली देवळाली. नाशिकरोडशेजारची, तोफखान्याच्या शाळेची, हवापालटासाठी बांधलेल्या सॅनेटोरियमांची. १८६०च्या दशकापासून तिथे गोऱ्या फौजेची छावणी होती. हिंदुस्थानातली नोकरीची मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाण्यासाठी देवळालीला आणून ठेवत, तिथून मुंबई आणि मुंबईहून जहाज. पण फौज नेणारी जहाजं बारा महिने सुटत नसत. पावसाळा संपल्यावर हंगाम सुरू व्हायचा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर संपायचा. शेवटचं जहाज निघून गेल्यावर ज्याची मुदत संपली, तो पुढचे कित्येक महिने देवळालीत अडकला. कवायत नाही, लढाई नाही, घर डोळ्यांसमोर आणि जहाज नाही. त्यात ऊन, हिवताप, दारू आणि बाहेरख्यालीपणातून आलेले रोग. माणसं चक्रम वागायला लागत. छावणीतल्या बोलीत याला नाव पडलं ‘डुलाली टॅप’.

हा ‘टॅप’ इंग्रज वाचकाला कळत नाही. त्याला वाटतं नळ, नाहीतर टिचकी. तुमच्या वर्गातलं पाचवीचं पोरगं मात्र लगेच सांगेल: ताप! देवळालीचा ताप. शिपायांच्या हिंदुस्तानीत ‘तप’, आपल्याकडे ‘ताप’, संस्कृतात ‘ताप’. पुढे टॅप गळून पडला आणि नुसतं डुलाली उरलं. आजही ते ब्रिटनमध्ये बोलण्यात सहज येतं, आणि बोलणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ते गावाचं नाव आहे याचा पत्ता नसतो.

यात आपल्याला हसण्यासारखं काही नाही, कारण आपणही हेच करतो. ‘याला ठाण्याला भरती करा’ किंवा पुण्यात ‘येरवड्याला पाठवा’ म्हणताना आपल्या मनात तिथलं मनोरुग्णालयच असतं. लंडनकरांनी ते फार पूर्वी केलं. तिथल्या १२४७ साली स्थापन झालेल्या बेथलेम नावाच्या संस्थेत पुढे वेड्यांना ठेवत, तिच्या नावाचा बोलताना ‘बेडलम’ झाला, आणि आज बेडलम म्हणजे गोंधळगडबड. एका मुलाला एवढं जरी लक्षात राहिलं की वाक्प्रचार बनण्याची खोड सगळ्या भाषांना सारखीच, तरी माझ्या लेखी तास सार्थकी लागला.

बाकीच्या खऱ्या व्युत्पत्ती बहुधा कुठल्यातरी धंद्याच्या बोलीतून आलेल्या असतात आणि ऐकायला जरा रुक्ष असतात. ‘बाय अँड लार्ज’ घ्या. शब्दांकडे पाहून काही बोध होत नाही. शिडाच्या जहाजांवर वाऱ्याच्या जवळजवळ समोर तोंड करून जाणं म्हणजे ‘बाय’, आणि वारा पाठीमागून घेऊन जाणं म्हणजे ‘लार्ज’. दोन्ही रीतींनी बरं चालणारं जहाज ते ‘बाय अँड लार्ज’ चांगलं, यावरून ‘एकंदरीत’. ‘टेकन अबॅक’, म्हणजे एकदम चकित होणे, हाही तिथलाच. वारा अचानक समोरून आला की शिडं डोलकाठीवर मागे दाबली जात आणि जहाज जागच्या जागी थबके. उद्या कुणी हा ‘अबॅक’ आपल्या ‘अवाक्’वरून आला, असा फॉरवर्ड काढला तर मला नवल वाटणार नाही. उच्चार जुळतो, अर्थ जुळतो, आणि संबंध शून्य. मुलांना सावध करायला हे उदाहरण फार चांगलं आहे.

‘रूल ऑफ थंब’बद्दल तुमच्या फॉरवर्डमध्ये काय लिहिलंय मला ठाऊक आहे: अंगठ्याहून जाड नसलेल्या काठीने बायकोला मारायची नवऱ्याला मुभा देणारा इंग्रजी कायदा. १७८२ मध्ये फ्रान्सिस बुलर या न्यायाधीशाने तसं म्हटल्याची बोलवा उठली आणि जेम्स गिलरेने व्यंगचित्र काढून त्याची ‘जज थंब’ म्हणून बेअब्रू केली. पण हा वाक्प्रचार त्याआधी शंभर वर्षं छापलेला आहे, आणि तिथे काठीचा मागमूस नाही. हात, वीत, बोट, मूठ, चिमूट यांनी मोजणाऱ्या जगातलं ते अंगठ्याचं माप आहे. याला मराठीत ‘अंगठ्याचा नियम’ लिहिणाऱ्याचे कान उपटावेत. ‘ठोकताळा’ हा सुंदर शब्द आपल्याकडे आयता आहे.

इथून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. भाषांतरात माझी स्वतःची एक फजिती सांगतो. ‘स्केपगोट’ला आपण सर्रास ‘बळीचा बकरा’ म्हणतो, वर्तमानपत्रात ते खपूनही जातं. एकदा जुन्या करारातल्या विधीबद्दलचा मजकूर माझ्याकडे आला आणि मी हात सवयीने चालवला. मुद्रितं वाचणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलने लिहिलं, ‘बळी दिला म्हणता, मग पुढच्या ओळीत रानात कसा गेला?’ मूळ विधीत दोन बकरे असतात. एक कापतात. दुसऱ्याच्या डोक्यावर लोकांची पापं ठेवून त्याला वाळवंटात हाकलतात, आणि इंग्रजीतला ‘स्केपगोट’ तो हा दुसरा, जिवंत सुटलेला. १५३० साली विल्यम टिंडलने बायबलचं इंग्रजी करताना हा शब्द घडवला, तोही ‘अजाजेल’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘निघून जाणारा बकरा’ असा लावून. आपण त्या बिचाऱ्याला मराठीत आणून कापून टाकलं. खरं तर त्या कल्पनेच्या जवळ जाणारी गोष्ट आपल्या गावांत होती: पटकीची साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा, म्हणजे साथही त्याच्याबरोबर जाते. मी शेवटी त्या जागी ‘पापं घेऊन सोडलेला बकरा’ एवढंच लिहिलं. रोजच्या बातमीत मात्र ‘बळीचा बकरा’ राहू द्या. तो आता मराठी झालाय.

काही ठिकाणी आपल्याला काही आयात करावं लागत नाही. ‘टर्न अ ब्लाइंड आय’ म्हटलं की इंग्रज आरमाराच्या नेल्सनची गोष्ट सांगतात: १८०१ मध्ये कोपनहेगनच्या लढाईत माघारीचा इशारा आला तेव्हा त्याने दुर्बीण आंधळ्या डोळ्याला लावली. सांगा खुशाल, पण फळ्यावर त्याच्या शेजारी ‘काणाडोळा करणे’ लिहा. एखाद्याचं ‘वॉटर्लू’ झालं याला ‘पानिपत’ आहे. जरा फरक आहे. वॉटर्लू हा जिंकत आलेल्या एकाचा, नेपोलियनचा, शेवट, आणि पानिपतात घरोघरची बांगडी फुटली. ‘रेड टेप’ची ‘लालफीत’ मात्र आपण शब्दशः घेतली, आणि ती बसली. इंग्लंडात सरकारी आणि कोर्टाचे कागद तांबड्या-गुलाबी फितीने बांधत. आपल्याकडे पेशवे दफ्तरातले मोडी कागद फडक्यात बांधलेले, म्हणून त्या गठ्ठ्यांना ‘रुमाल’ म्हणतात. इतिहास वेगळा वळला असता तर आपण आज ‘रुमालशाही’ला शिव्या देत असतो.

वापराबद्दल एकच कळकळीची सूचना. गोष्ट सांगताना तो शब्द कुणासमोर चालतो हेही सांगा. ‘किक द बकेट’, म्हणजे मरणे, हा १७८५ सालच्या इंग्रजी बाजारू बोलीच्या कोशात आहे. त्यातली ‘बकेट’ म्हणजे कत्तलीचं डुक्कर टांगायचं लाकूड असावं, आचके देताना त्याच्या टाचा त्यावर आपटत. एका विद्यार्थ्याने हा वाक्प्रचार पाठ करून आजोबांच्या निधनाच्या रजेच्या अर्जात लिहिला होता. मराठीत त्याचा अर्थ झाला, ‘आमचे आजोबा गचकले, तरी दोन दिवसांची रजा मिळावी.’ ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’सुद्धा इंग्रज लोक आजकाल फारसं म्हणत नाहीत. ते आपल्या गाइडांमध्येच जास्त पडतं.

पडताळणीसाठी ऑक्सफर्डचा मोठा कोश उत्तम, कारण त्यात प्रत्येक अर्थाखाली तारखेसकट उतारे असतात. तो हाताशी नसेल तर गूगल बुक्सवर वाक्प्रचार अवतरणचिन्हांत टाकून जुन्यात जुना छापील दाखला शोधा. फक्त आतलं पान उघडून साल बघा, बाहेरची तारीख अनेकदा चुकलेली असते. मराठी बाजूला दाते-कर्वे यांचा वाक्संप्रदाय कोश ठेवा, आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश तर शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो.

पहिल्या आठवड्यासाठी माझी यादी: सोमवारी डुलाली, मंगळवारी ओके, बुधवारी काणाडोळ्यासकट नेल्सन. गुरुवारी ‘डंगरी’, तो जाडाभरडा कपडा मुंबईच्या डोंगरीचा. शुक्रवारी ‘मंगूस’ घ्या. तो मराठी ‘मुंगूस’च, सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत शिरलेला. ऐकणाऱ्याने शेवटी बदक-हंसाचा ‘गूस’ ऐकला आणि स्पेलिंग तसं केलं. मग मुलांना विचारा, एकाहून जास्त मुंगसांना इंग्रजीत काय म्हणायचं. निम्मा वर्ग ‘मंगीस’ म्हणून ओरडेल. उत्तर ‘मंगूसेस’.